डाव्या मागच्या चाकातला काटा

आमच्या गाडीच्या डाव्या मागच्या चाकात बाभळीचा एक काटा रुतलेला होता आणि तो घरात सगळ्यांना माहीत होता. रबराच्या दोन नक्ष्यांमधल्या खाचेत तो इतका खोल गेला होता की वरून फक्त एक काळा ठिपका दिसे. त्या ठिपक्यातून हवा जायची. भसकन नाही, फुसकनही नाही. कधी जाते ते कळतही नसे. पण जायची.

बाबा शेती खात्यात होते. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी त्या जुन्या काळ्या गाडीतून फिरण्यात घालवली. अचलपूर, हिवरखेड, शेंदूरजनाघाट ही नावं मी नकाशात पाहण्याआधी गाडीच्या मडगार्डांवरच्या चिखलात पाहिली. बांधाबांधाला बाभळी असलेल्या मुलखात गाडी फिरवायची म्हणजे काटे आलेच. त्यासाठी बाबांचा एक नियम होता. काटा रस्त्यात काढायचा नाही, घरी काढायचा. रस्त्यात उपसला की भोक उघडं पडतं आणि चाक तिथंच बसतं. राहू दिला तर काटाच बूच होऊन बसतो आणि गाडी हळूहळू का होईना, घरी पोचते. दौऱ्यावरून आले की बाबा आधी पाय धूत, मग चहा घेत आणि मग पक्कड घेऊन चाकांभोवती फिरत. काढलेले काटे ते खिडकीच्या कठड्यावर ठेवत. आई ते झाडून टाकी.

हा काटा शेंदूरजनाघाटहून आला होता. डिसेंबर संपत होता आणि संत्र्यांचा आंबिया बहार उतरत आला होता. बाबांनी पाय धुतले, चहा घेतला, पण पक्कड काही काढली नाही. त्या आठवड्यात त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. रस्त्यात एका बैलगाडीला आपण घासून गेलो आणि ती आपल्याला दिसलीच नाही, एवढंच ते म्हणाले होते. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसेल, बाजूचं कमी होत जाईल. थेंब घालायचे आणि गाडी चालवायची नाही.

मग निवृत्तीही आली. गाडी अंगणातल्या कडुलिंबाखाली उभी राहिली, काट्यासकट.

मी त्या आधीच्या उन्हाळ्यात नागपूरहून बी.ए. होऊन परत आले होते. लहानपणापासून तिथं नन्सच्या शाळेत, वसतिगृहात वाढल्यामुळे घरात मी थोडी पाहुणीच होते. माझं मराठी पुस्तकातलं, आईचं वऱ्हाडी. मी "मला नको" म्हटलं की ती "मले नको" म्हणून वाढत राही. बोलणं मला जमत नसे. बघणं जमे. कोणी आलं की मी आतल्या दाराशी उभी राहायची आणि चहाचे कप कोणाचे रिकामे झाले ते पाहायची.

अशा मुलीला बाबांनी गाडी शिकवली होती. दिवाळीच्या आसपास, डोळ्यांचं कळायच्या आधी, रोज पहाटे ते मला वडाळी तलावाकडच्या रस्त्याला घेऊन जात. तिथं त्या वेळी कोणी नसे, हे मला फार बरं वाटे. क्लच सोडताना गाडी उसळली की बाबा ओरडत नसत. "पुन्हा," एवढंच म्हणत. मग एक दिवस त्यांनी मला लायसन्सही काढून दिलं. त्या कचेरीत माझ्याकडे सगळे इतके टक लावून बघत होते की घरी आल्यावर मी ते लायसन्स कपाटात साड्यांखाली ठेवलं आणि गावात एकदाही गाडी चालवली नाही.

पण मला चालवायची होती. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत जूनपासून मला इंग्रजी शिकवायचं काम मिळालं होतं. राहणार होते मावशीकडे, आईच्या सख्ख्या बहिणीकडे. बाबा फार आधीपासून म्हणत, "तू नोकरीला लागलीस की तुझं सामान मी गाडीनं पोचवणार." माझ्या डोक्यात त्या वाक्याचं दुसरंच चित्र झालं होतं. त्यात बाबा शेजारी बसलेले होते आणि स्टिअरिंग माझ्या हातात होतं.

डॉक्टरांकडून आल्यावर काही दिवसांनी बाबा जेवताना म्हणाले, "ही अकोल्याला गेली की गाडी विकून टाकू. चालवणारं कोणी नको का?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं.

तर अशी गोष्ट होती. चाक दुरुस्त करायचं म्हणजे गाडी ठेवायची, आणि नाही करायचं म्हणजे जूनमध्ये ती जायची. हे असं कोणी बोललं नाही. बोलणं चाकाबद्दलच होई.

बाबा सोमवारी सकाळी चाकात हवा भरत. दोन्ही पायांनी दाबून धरायचा उभा पितळी पंप होता, त्याचा खट-फुस्स, खट-फुस्स असा आवाज घरभर येई. मग ते बोटाच्या पेरांनी टायरवर टकटक करून कान देत. भरलेलं चाक टणक वाजे, उतरलेलं भद्द. बाकीच्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, ते एकदा टकटक करून येत. रविवारी इंजिन सुरू करून थोडा वेळ तसंच ठेवत. गाडी जागची हलत नसे.

शेजारी निवृत्त पोस्टमास्तर राहत. त्यांना सगळी गल्ली काका म्हणे. ते रोज आमच्याकडे पेपर वाचायला येत आणि पेपरापेक्षा बाबांनाच जास्त वाचत.

"काय साहेब, गाडी पाळली का तुमी?" ते ओट्यावरून विचारत. "रोज उठून पाठीवर थाप मारता तिच्या. पोळ्याले झूल घाला आता."

"हवा बघतो."

"ते दिसून राहिलं. पन काटा काहून काढत नाई? काढा, ठिगळ मारा, मोकळे व्हा."

"काढला की ट्यूब बाहेर काढावी लागेल," बाबा म्हणत. "त्या ट्यूबला आधीच इतकी ठिगळं आहेत. एक उघडायला जावं तर चार निघतील. नवी ट्यूब बाजारात मिळत नाही. आणि इतकी हळू हवा जाते तर कशाला? आठवडा टिकतं चाक. जुनं रबर आहे, असं आता बनत नाही."

"आठवडा?" काका चष्म्यावरून बघत.

"तुम्हीच वाजवून बघा."

काका उठून वाजवत. चाक टणक वाजे. ते मान हलवून परत पेपरात जात.

चाक आठवडा टिकत नव्हतं, हे मला माहीत होतं. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी पहाटे मी अंगणात गेले तेव्हा ते अर्ध्याच्या वर उतरलं होतं. बाबा आत आंघोळीला गेले होते. आता ते बाहेर येतील, टकटक करतील, भद्द वाजेल आणि मग ते दिवसभर काही बोलणार नाहीत, हे मला दिसत होतं. मी पंप घेतला. आवाज होऊ नये म्हणून दांडा सावकाश दाबायचा, हे मला लगेच समजलं. बाबा बाहेर आले, त्यांनी वाजवलं आणि समाधानानं म्हणाले, "टिकलं."

त्यानंतर मी ते रोज करू लागले. न्हाणीघरात बंबाचा खळखळाट चाले आणि बाबा स्तोत्र म्हणत, तेवढ्यात माझं काम उरके. ते मला आवडायचं, हे खरं. कोणी बघत नसलेल्या अंगणात, कडुलिंबाच्या वासात, मी त्या गाडीसाठी काहीतरी करत होते. तळहाताला घट्टे पडले तेव्हा आईनं विचारलं, "हे कशानं?" मी म्हटलं, "रहाटानं." आमच्या विहिरीचं पाणी गडी काढतो हे तिलाही माहीत होतं.

एप्रिल आला. बाबांची टायरवरची श्रद्धा वाढतच चालली. "दुरुस्तीची गरजच नाही," ते आता म्हणू लागले. "विकताना घेणाऱ्याला सांगू, एक काटा आहे, पण चाक उत्तम आहे." हे ऐकताना माझ्या हातातली पेपरची घडी मी पुन्हा पुन्हा घालत राहिले. मी हवा भरत होते म्हणून चाक उत्तम होतं. चाक उत्तम होतं म्हणून काटा निघत नव्हता. काटा निघत नव्हता म्हणून गाडी उभी होती, आणि उभ्या गाडीचं काय करायचं ते ठरलेलं होतं. पहाटेच्या माझ्या त्या खटपटीनं मीच गाडी विकायला काढली होती, असं म्हणायला हरकत नव्हती.

मग मी ठरवलं, आता भरायचं नाही. चाक बसू दे. बसलं की बाबांना काहीतरी ठरवावं लागेल, आणि त्या वेळी मी बोलेन. काय बोलेन तेही मी मनात म्हणून पाहिलं. इंग्रजीत ते सोपं वाटलं. अवघड गोष्टी मी आणि बाबा नेहमी इंग्रजीतच बोलत असू. त्यात त्या जरा दुसऱ्याच्या वाटत.

मंगळवारी मी अंगणात गेलेच नाही. पांघरूण डोक्यावर घेऊन ऐकत पडले. बाबांची चप्पल वाजली, मग टकटक.

"टिकलं," बाबा म्हणाले.

बुधवारीही टिकलं. गुरुवारी मी स्वतः जाऊन अंगठा रुतवून पाहिला. रबर जरा मऊ होतं, पण बसलेलं नव्हतं. मी खाली वाकून काटा पाहिला. ठिपका जागेवर होता. उन्हानं काट्याभोवतीचं रबर फुगून भोक आपोआप बुजलं असेल, असा एक विचार माझ्या शिकलेल्या डोक्यात आला आणि मी तो बराच वेळ गंभीरपणे केला.

त्याच दिवशी दुपारी उन्हानं घर सामसूम झालं होतं. खिडकीला वाळ्याची ताटी लावली होती आणि तिच्यावर शिंपडलेलं पाणी वाळत आलं होतं. बाबा आतल्या खोलीत झोपले होते. मी पुस्तक घेऊन पडले होते. बाहेरून आवाज आला. खट-फुस्स. खट-फुस्स. अगदी हळू.

मी अनवाणी मागच्या दारानं गेले आणि तापलेल्या फरशीवरून उड्या मारत कडुलिंबाच्या सावलीत पोचले. आई लुगड्याचा पदर कमरेला खोचून पंपावर उभी होती. कपाळावरचं कुंकू घामानं खाली आलं होतं.

"आई?"

"वरडू नको," ती मागे न बघता म्हणाली. "तुह्या बाबाची झोप मोडन."

"तू काय करतेस?"

"भजन करून राहिली. दिसत नाई का?"

"कधीपासून?"

"संक्रांत झाली तवापासून." तिनं दोनदा दांडा दाबला. "सकाळी उठून आधी त्या चाकापाशी जातेत. उतरलेलं दिसलं का तोंड असं होते जसं कोनी घरातून उठून गेलं. मले नाई पाहवत. दुपारी सारे झोपले का मी भरून ठेवतो. एखाद्या दिवशी तेवढं चुकते."

मला हसू येत होतं आणि ते आत राहत नव्हतं. "मी पण भरते," मी म्हटलं. "पहाटे. बाबा आंघोळीला गेले की."

आईनं पंप सोडला. माझा हात ओढून तळवा उलटा केला, घट्ट्यांवरून अंगठा फिरवला. "हा रहाट का तुहा!" मग ती कडुलिंबाच्या पारावर बसलीच. पदर तोंडात धरून ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

"म्हंजे ते सोमवारी, तू पाहाटे, मी दुपारी," ती श्वास घेत म्हणाली. "तीन तीन मानसं मिळून एक भोक भरून राहिलो आपन! आन ते साऱ्या गल्लीले सांगून राहिले, असं रबर आता बनत नाई!"

आम्ही दोघी तिथं बसून राहिलो. आईबरोबर असं हसले होते ते त्या आधी कधी, मला आठवेना. वसतिगृहातून सुट्टीत घरी आले की ती मला खायला घाली आणि मी आभार मानी. तेवढ्यावर आमचं भागत असे.

हसणं ओसरल्यावर आई म्हणाली, "तुले चालवायची हाय ना?"

मी गाडीकडे पाहिलं.

"मले काही दिसत नाई असं समजू नको. तू गाडीपाशून जाताना तिच्या दाराले हात लावून जातं. लहान लेकराले लावावा तसा."

"लोक बघतील," मी म्हटलं. एवढंच निघालं.

"पाहन. लोकायले डोये काहाले देले मंग?" आई उठली. पंप पुसून ओसरीत ठेवला. "उद्यापासून भजन बंद. तू बी बंद, मी बी बंद. चाक काय म्हनते ते पाहू. पन मंग तोंड तूच उघडजो. तुह्या तोंडचं मी नाई बोलनार."

दोन दिवसांतच चाक पार बसलं. रविवार होता. बाबा इंजिन सुरू करायला म्हणून बाहेर आले आणि गाडीपाशी थांबले. गाडी त्या कोपऱ्यात एखाद्या थकलेल्या म्हशीसारखी कलली होती. बाबांनी टकटक केली नाही. वाजवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

ओट्यावर काका पेपर घेऊन बसले होते. "गेलं साहेब," ते म्हणाले, आणि नेहमीच्या आवाजात नाही.

"असं कसं?" बाबा म्हणाले. "परवापर्यंत तर टणक होतं. एकाएकी काय झालं?"

"एकाएकी काही झालं नाई," स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईचा आवाज आला. "आमी भरायचं सोडलं."

"आम्ही कोण?"

"मी आन तुमची लेक. सोमवार तेवढा तुमचा होता."

काकांनी पेपर खाली ठेवला. बाबांनी आधी खिडकीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. ते रागावतील असं मला वाटलं. त्यांची मान जरा वळवावी लागे आताशा, बाजूचं पाहायला. ती त्यांनी पूर्ण वळवली.

"रोज?"

मी मान हलवली.

"आणि मी ह्यांना सांगत होतो, जुनं रबर," बाबा काकांकडे बोट दाखवून म्हणाले.

"मी म्हटलंच होतं," काका म्हणाले. त्यांनी तसं काही म्हटलं नव्हतं.

बाबा हसले, पण लगेच थांबले आणि कललेल्या गाडीच्या टपावर हात ठेवून उभे राहिले. "बरं. मग आता सांगा. ठिगळ मारायचं, ट्यूब खोलायची, सगळा खटाटोप करायचा. कशासाठी? चालवणार कोण?"

खिडकीत आईची सांडशी वाजायची थांबली. काका माझ्याकडे बघत होते. रस्त्यावरून दूधवाला सायकल ढकलत चालला होता, तोही उगाच थांबला. मी पाठ केलेलं इंग्रजी वाक्य त्या क्षणी कुठं गेलं कोण जाणे.

"मी चालवते," मी म्हटलं. "अकोल्याला. तुम्ही शेजारी बसा."

"गावातून?" बाबांनी विचारलं. "वडाळीचा रस्ता नाही तो. राजापेठेतून जावं लागतं, बडनेऱ्यात गर्दी असते. सगळे बघतात."

"बघू देत," मी म्हटलं, पण ते इतक्या हळू की काकांनी "काय म्हनते?" असं विचारलं आणि आईनं खिडकीतून मोठ्यांदा सांगितलं, "पाहू द्या म्हनते!"

बाबा वळले. आत गेले. मला वाटलं झालं, विषय संपला. मग ते पक्कड घेऊन बाहेर आले, चाकापाशी मांडी घालून बसले आणि काळ्या ठिपक्याचा शोध घेऊ लागले. समोरचं त्यांना स्वच्छ दिसे. पकडीनं टोक धरून त्यांनी काटा सरळ, न तोडता उपसला. बोटाच्या पेराएवढा होता, रबरात राहून काळा पडलेला. त्यांनी तो तळहातावर घेऊन थोडा वेळ पाहिला.

"चला," ते म्हणाले, "दौरा संपला."

आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवला. तो मात्र आईनं झाडून टाकला नाही.

पुढचं सगळं अगदी साधं होतं. बडनेरा रस्त्यावरचा पंक्चरवाला सायकलवर सामान लादून आला. ट्यूब बुडवून बुडबुडे बघायला त्याला पाणी हवं होतं. त्याची नजर न्हाणीघराच्या दारातल्या तांब्याच्या घंगाळावर गेली तशी आई दारात आडवी झाली. "त्याले हात लावू नको बापा, ते माह्या मायनं देलं हाय." शेवटी चुन्याचं जुनं घमेलं मिळालं. त्यानं ट्यूब बाहेर काढली आणि उन्हात धरली. "बाबूजी, ठिगळंच हायेत. ह्याच्यात ट्यूब कुठं हाय?" बाबांना जी भीती होती तसं मात्र झालं नाही. जुनं एकही ठिगळ सुटलेलं नव्हतं. एकाच जागेवरून बारीक बुडबुडे येत होते, एकामागून एक, घाई नसल्यासारखे. जेवणाची वेळ व्हायच्या आत चाक जागेवर बसलं होतं, आणि इतके दिवस आम्ही काय धरून बसलो होतो असं मला वाटलं. मग वाटलं, धरून बसलो होतो ते काही चाक नव्हतं.

मेच्या शेवटी, शाळा उघडायच्या बऱ्याच आधी, आम्ही निघालो. सामान आधी पोचवायचं, दोन दिवस मावशीकडे राहायचं आणि परत यायचं. शाळेच्या वेळी मी एस.टी.नं एकटीच जाणार होते. ऊन चढायच्या आत पोचायचं म्हणून फटफटतानाच तयारी झाली. माझी ट्रंक आणि वळकटी मागे, त्यांच्या शेजारी आई, तिच्या मांडीवर पोळ्या आणि झुणक्याचा डबा, पायाशी पाण्याची सुरई. काका पेपर यायच्या आधीच ओट्यावर हजर होते.

"पोरी, चाक फिरते का ते पाहून घे," ते म्हणाले. "बसून राहायची सवय झाली त्याले."

क्लच सोडताना गाडी एकदा उसळली. बाबा म्हणाले, "पुन्हा." मी पुन्हा केलं आणि गाडी फाटकाबाहेर पडली.

राजापेठेत लोक बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, कारण बघायला वेळच नव्हता. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. वडाळीच्या रिकाम्या रस्त्यावर मी सारखी स्वतःकडे बघत असे. इथं टांगा, सायकल, गाय, हातगाडी. "समोरचं मी सांगतो," बाबा म्हणाले, "बाजूचं तू बघ." तसे आम्ही बडनेऱ्यातून पार झालो. मागून आई दोघांनाही सांगत होती.

गाव मागे पडल्यावर गाडीत कोणी बोलेना. मला वाटलं ऊन लागतंय. मग लक्षात आलं, तिघंही कान देऊन बसलो आहोत, मागच्या डाव्या बाजूला. एका लिंबाखाली मी गाडी थांबवली. कोणी कोणाला काही न सांगता तिन्ही दारं उघडली आणि तिघंही त्या एका चाकापाशी येऊन उभे राहिलो. बाबांनी वाजवलं. आईनं अंगठा रुतवला. मीही रुतवला.

"टणक हाय," आई म्हणाली. "आन कोनी भरलं नाई."

मूर्तिजापूरला रेल्वेचं फाटक बंद होतं. गाडी रांगेत उभी राहिली तशी शेजारच्या बैलगाडीवरचे दोघं आमच्याकडे वळले.

"पाह्य बे, बाई चालवून राहिली."

"आन साहेब नुसते बसून हायेत."

माझे कान तापले. बाबांनी काच खाली केली होतीच. त्यांनी मान पूर्ण वळवून त्या दोघांकडे पाहिलं.

"साहेब रस्ता सांगून राहिले, भाऊ," ते म्हणाले. त्यांच्या तोंडी वऱ्हाडी मी क्वचितच ऐकलं होतं. गाडीवान हसला, त्यानं कपाळाला हात लावून रामराम केला, आणि तो बाबांना होता की मला, हे मला कळलं नाही. फाटक उघडलं तेव्हा त्यानं बैल जरा बाजूला घेतले आणि मला आधी जाऊ दिलं.

मावशीच्या दारात पोचलो तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. माझं पोलकं पाठीला चिकटलं होतं, बोटं स्टिअरिंगवरून सरळ होत नव्हती. मावशी धावत आली, आधी आईला, मग मला मिठी मारली आणि मागं सरून म्हणाली, "म्हंजे हे खरंच हिनं आनलं? मले वाटलं पत्रात गंमत केली तुमी!" मग तिनं बाबांना पाय धुवायला पाणी दिलं. चहा झाला. आम्ही बसलोच होतो, तर बाबा उठून बाहेर गेले. मीही मागून गेले.

ते चाकांभोवती फिरत होते, समोर येईल ते प्रत्येक चाक हातानं चाचपून. डाव्या मागच्या चाकापाशी ते थांबले नाहीत. उजव्या पुढच्यापाशी थांबले, खाली वाकले, बोट फिरवलं.

"ये इकडे," ते म्हणाले.

खाचेत एक काळा ठिपका होता. ताजा. मूर्तिजापूरच्या अलीकडे त्या लिंबाखाली, बाभळींच्या बांधालगत, मी गाडी बाजूला घेतली होती, तिथलाच असणार.

मावशी दारात आली होती. "काय झालं? काटा? थांबा, पक्कड देतो. काढून टाका ना मंग."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. विचारल्यासारखं पाहिलं, कारण गाडी आता कोणाची ते बहुतेक त्यांनी वाटेतच ठरवलं होतं. गाडी विकायचं ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

मी अंगठा रुतवून पाहिला. चाक टणक होतं.

"नको मावशी," मी म्हटलं. "राहू दे. घरी गेल्यावर काढते."